'आधी घरचं बघा' म्हणणाऱ्यांना

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. एका मित्राने गाझातल्या उपाशी मुलांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि लगेच उत्तर आलं, 'इथे शेतकरी मरतोय, तुला परक्यांचा पुळका कशाला?' हे सोलापूरच्या माणसाने लिहावं? द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. 1938 मध्ये ते चीनच्या जखमींवर उपचार करायला गेले, तेव्हा आपल्याच देशावर इंग्रजांचं राज्य होतं. आधी घरचं बघायला त्यांच्याकडे काय कमी कारणं होती? 1942 मध्ये, अवघ्या 32व्या वर्षी, ते तिकडेच वारले.

मी डब्लिनला राहतो. इथे 1984च्या जुलैत हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स या दुकानात मेरी मॅनिंग या कॅशियरने दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. युनियनने तसं सांगितलं होतं, एवढंच. वर्णभेदाची तिला फारशी माहितीही नव्हती. तिला निलंबित केल्यावर सहकारीही बाहेर पडले. मग निम्रॉड सेजाके हा देशाबाहेर पडावं लागलेला आफ्रिकी कामगार नेता त्यांच्यासोबत दुकानाबाहेर उभा राहू लागला, तिकडे काय चाललंय ते सांगू लागला, आणि पोरी पेटून उठल्या. संपभत्ता आठवड्याला 21 पौंड. आयर्लंडमध्ये तेव्हा कामं नव्हती, तरणी पोरं देश सोडून चालली होती. तरी 1987 मध्ये सरकारने तिकडच्या फळं-भाज्यांवर बंदी घालेपर्यंत त्या हटल्या नाहीत. दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं म्हणजे मी हेच समजतो. आधी सगळं कळायला हवं, आधी आपलं पोट भरायला हवं, अशी अट त्यात नसते.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगतो. 2025च्या जुलैत ताला या डब्लिनच्या उपनगरात एका भारतीयाला जमावाने बेदम मारलं. त्यानंतर लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, आईचा फोन आला तरी मराठी बोलताना कुणी ऐकेल म्हणून मी उचलत नव्हतो. काही दिवसांतच तालातलेच लोक त्या मारहाणीच्या निषेधाचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. भाड्याने पिचलेली, घर मिळत नाही म्हणून आईबापांकडे राहणारी माणसं इथेही आहेत. 'आधी आपल्यांचं बघा' म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या लेखी परका म्हणजे मी.

ग्रुपवर एवढं लिहिलं, तर म्हणे, 'तू तिकडे बसून बोलू नकोस.' मी बोलणार. सीना नदीला पूर आला तेव्हा माढ्याकडे मदत पाठवायला पहिले पैसे त्याच गाझावाल्या मित्राने काढले होते, आणि त्याच्या पाठोपाठ मी.