नळी आहे, डिपस्टिक नाही

बॉनेट उघडलं की मागच्या बाजूला एक नळी वर आलेली दिसते. ही माझ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची नळी. तिच्यावर काळं झाकण, झाकणात प्लास्टिकची खीळ, आणि वर लिहिलंय, फक्त डीलरसाठी. खीळ मोडली, झाकण काढलं, आत बघितलं. डिपस्टिक नाहीच. नुसती रिकामी नळी! म्हणजे नळी केली, तिला झाकण केलं, झाकणाला कुलूप घातलं, आणि ऑइल किती आहे ते सांगणारी दीड हाताची पट्टी तेवढी द्यायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी माझी आहे ना?

गाडी चौदा वर्षांची. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर पडताना धक्का द्यायला लागली. सकाळी थंड असताना डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकली की क्षणभर काहीच नाही, मग एकदम ओढ घेते. ज्याला विचारलं त्याचं एकच उत्तर, "ते लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका." का नको लावू? त्या ऑइलवर काय काय लादलंय बघा. त्याच्याच दाबावर क्लच लागतात, तेच गिअरना वंगण घालतं, तेच उष्णता वाहून नेतं, आणि क्लच प्लेटांची झीज त्यातच मिसळत राहते. असं ऑइल गाडी मोडीत जाईपर्यंत टिकेल हे कुठल्या तोंडाने सांगतात? झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते. ती म्हणते 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा फार तर 8 वर्षांनी बदला. आणि तिचेच गिअरबॉक्स बसवणारे गाडीवाले ते लाइफटाइम म्हणून विकत आलेत. बनवणारा बदला म्हणतो, विकणारा नको म्हणतो, आणि मधल्यामधे मरतो कोण? जुनी गाडी वापरणारा माणूस.

बरं, बदलायला खाली शिरलो तर चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या पात्राला, ऑइल सोडायचा ड्रेन नट नाही. एक साधा नट! इंजिनच्या चेंबरला आहे, याला नाही. मग स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर पडून एकेक बोल्ट सैल करा, एक कोपरा आधी खाली येऊ द्या, आणि ऑइल ट्रेमध्ये पडेल अशी आशा धरा. नाही पडलं. पॅकिंग एका बाजूला चिकटून बसलं होतं, ते सुटलं आणि चेंबर एकदम लवंडला. कोपरापर्यंत कोमट ऑइल, मानेखाली ऑइल, फरशीभर ऑइल. लाल असायला हवं ते गडद तपकिरी झालेलं, वर जळका वास. चेंबरमधल्या लोहचुंबकावर करड्या लगद्याचा थर होता. बोटांवर घेऊन चोळला, खडे लागले नाहीत, नुसती बारीक पूड. धातूचे तुकडे नव्हते हे नशीब. पण हा लगदा चौदा वर्षं आत फिरत होता, आणि मला सांगत होते हात लावू नका.

एवढं करून बाहेर आलं किती? जेमतेम निम्मं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्यात, अडकून बसतं, ते चेंबर उघडून येत नाही. म्हणजे थोडे दिवस चालवा, परत उघडा, परत भरा. दुसऱ्या खेपेला जुनं पाव उरतं, तिसऱ्या खेपेला अष्टमांश. कन्व्हर्टरलाच एक नट दिला असता तर हे एका दिवसात झालं असतं. तसा नट असलेल्या गाड्या पूर्वी होत्या, म्हणजे जमत नाही असंही नाही.

आणि सगळ्यात संतापजनक भाग पुढे आहे. पातळी बघायची ऑइल 80 अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जमिनीवर. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचा, गिअरबॉक्सचा नाही. त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावा. लावला. 80 दाखवतोय. आता बघू कशाने? बोटाने? जास्त झालं तर फिरणारे भाग घुसळून फेस करतात आणि ऑइलचा दाब कमी होतो. कमी झालं तर पंप हवा ओढतो, क्लच घसरतात आणि जळतात. दोन्हीकडून गिअरबॉक्सच जातो. आणि या दोन्हींतून वाचवणारी एकमेव वस्तू तुम्ही मुद्दाम काढून ठेवलीत!

शेवटी निघालेलं ऑइल मापाच्या जगमध्ये मोजलं आणि तेवढंच नवं भरलं. फरशीवर सांडलेलं अंदाजाने धरलं. पण आधीच कमी असेल तर? चौदा वर्षांत कुठल्या सीलमधून थेंब थेंब गेलं असेल तर? मी कमीच्या जागी इमानदारीने कमीच भरलंय, आणि ते मला कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या कंपनीची, खुणा केलेली डिपस्टिक मागवलीय. ती येईपर्यंत गाडी उभी आहे.