बिनअंड्याच्या मोहरी-मेयोला मिळालेल्या एका स्टारबद्दल आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचे दोन्ही फोटो पाहिले. तुमच्या तक्रारी चार आहेत: बाटलीत वर तेल आलं, जिभेला रवाळ लागतं, लेबलवर इमल्सिफायरचं (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं) नाव नाही, म्हणजे काहीतरी लपवलंय, आणि बाटलीसोबतच्या कागदावरची कृती घरी केली तर तेल-पाणी वेगळं झालं. बाटली बदलून देऊ, बॅच नंबर मेसेज करा. बाकीचं इथेच लिहितो, कारण हे प्रश्न इतरांनाही पडतात.

आधी लपवाछपवीचं. लेबलवर सूर्यफूल तेल, पाणी, मोहरी, व्हिनेगर, साखर, मीठ एवढंच आहे, कारण आत एवढंच आहे. अंड्याच्या मेयोत तेल धरायचं काम बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं करतात. बाजारातल्या बिनअंड्याच्या मेयोत ते बहुधा मॉडिफाइड स्टार्च, झँथन गम आणि दुधाची किंवा सोयाची प्रथिनं करतात. आमच्याकडे ते काम मोहरीच करते. अगदी बारीक वाटलेले कण तेलाच्या थेंबाभोवती चिकटून बसतात आणि दोन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. रॅम्सडेन या शास्त्रज्ञाने 1903 मध्ये आणि पिकरिंग या शास्त्रज्ञाने 1907 मध्ये हे नोंदवलं, म्हणून तेल-पाण्याच्या अशा मिश्रणाला पिकरिंग इमल्शन म्हणतात. अट एकच: कण थोडा तेलाने आणि जास्त पाण्याने भिजणारा हवा. असा कण तेल-पाण्याच्या सीमेवर एकदा बसला की उठत नाही. लेसिथिनचे रेणू तिथे ये-जा करत राहतात. कणाची त्रिज्या अवघी 10 नॅनोमीटर असली तरी त्याला तिथून उपटायला रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीच्या हजारो पट ऊर्जा लागू शकते.

लोणच्याची मोहरी पांढरी होईपर्यंत फेसतात, तेव्हा हेच घडत असतं. मात्र सगळं श्रेय कणांना देणं खरं होणार नाही. मोहरीतली प्रथिनंही थेंबावर बसतात आणि सालीतला चिकट पदार्थ पाण्याला दाटपणा देतो. तिघं मिळून बाटली उभी राहते. हे वेगळं रसायन नाही, त्यामुळे लेबलवर वेगळी ओळ नाही.

आता वर आलेलं तेल. तुमच्या पहिल्या फोटोत वर स्वच्छ पारदर्शक तेलाचा थर आहे आणि खाली दह्यासारखं फुटलेलं, दाणेदार मिश्रण आहे. ही खूण मेयो गोठल्याची आहे. बर्फाचे स्फटिक वाढताना थेंबांना एकमेकांवर दाबतात, कणांचं कवच फाटतं आणि वितळताना थेंब एक होतात. तुम्ही लिहिलंय की फ्रीझरमध्ये ठेवलंच नव्हतं. पण एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीझरखालचा चिलर ट्रे आणि मागच्या भिंतीला लागून असलेली जागा सहज शून्याखाली जाते. बाटली दाराच्या कप्प्यात ठेवा, 4 ते 8 अंश पुरेसं आहे. याउलट वर घट्ट आणि तळाशी बोटभर पिवळसर पाणी दिसलं तर काळजी नको. थेंब हलके म्हणून वर सरकलेत, फुटलेले नाहीत. चमच्याने हलवलं की पूर्ववत होतं. शंका आली तर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा टाकून ढवळा. दुधासारखं पसरलं तर मेयो शाबूत आहे, तेलाचे डोळे तरंगले तर फुटलंय.

रवाळपणाची तक्रार मात्र आम्ही खोडत नाही. जीभ साधारण 25-30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कडक कण ओळखते. आमची मोहरी दगडी ग्राइंडरमध्ये ओली वाटली जाते आणि बहुतेक कण त्याखाली येतात, पण सालीचे थोडे तुकडे उरतात. ते काळे ठिपके तेच. बारीक गाळणीने काढता येतील, पण सालीतला दाटपणा सालीसोबतच जाईल आणि मग गम घालावा लागेल. ठिपके चालतील, गम नको, असं आम्ही ठरवलंय. गुळगुळीतच हवं असेल तर आमचं मेयो तुमच्यासाठी नाही, हे मान्य.

घरच्या कृतीकडे येऊ. कागदावर असं आहे: मोहरीची डाळ 25 ग्रॅम, पाणी 80 मिली, व्हिनेगर 20 मिली, साखर 5 ग्रॅम, मीठ 4 ग्रॅम, सूर्यफूल तेल 200 मिली. तुम्ही लिहिलंत की मोहरी सुकी दळून घेतली, घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलं आणि "वेळ वाचवायला" तेल एकदम ओतलं. तिन्ही गोष्टी अंगाशी आल्या.

सुक्या दळणात मिक्सर शंभर मायक्रॉनच्या खाली फारसा जात नाही. कण थेंबाच्या निदान दहा पट लहान असायला हवा. मोठा कण थेंबावर बसतच नाही. डाळ दोन तास भिजवून त्याच पाण्यात चटणीच्या लहान भांड्यात थांबत-थांबत वाटा. मोठ्या भांड्यात एवढंसं मिश्रण पात्याला लागत नाही आणि सलग फिरवलं की गरम होतं. वाटल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा. मोहरीचा झणका पाण्यात एन्झाइममुळे तयार होतो. व्हिनेगर आधी घातलं तर तो दबतो. नंतरच व्हिनेगर, मीठ, साखर घाला. फेसलेली मोहरी ताजी असताना कडू लागते, रात्रभर फ्रीजमध्ये राहिली की कडूपणा बराच उतरतो. चव दुसऱ्या दिवशी बघा.

तेलाचे पहिले दोन चमचे अक्षरशः थेंब-थेंब घाला, मग बारीक धार. एकदम ओतलं की पाणीच तेलात अडकतं आणि सगळं पातळ राहतं. घाण्याच्या न गाळलेल्या तेलात फॉस्फोलिपिड (लेसिथिनच्या जातीचे पदार्थ) आणि मोकळी फॅटी ॲसिड असतात, ती कणांच्या आधी जाऊन थेंबावर जागा पकडतात. शिवाय शेंगदाणा तेल फ्रीजमध्ये थिजतं आणि त्याचे स्फटिक बर्फासारखेच कवच फोडतात. रिफाइंड सूर्यफूलच घ्या. आणि "थोडं जास्त तेल" नको. मोहरी तेवढीच ठेवून तेल दुप्पट केलं तर थेंब साधारण दुप्पट मोठे होतात, कारण झाकायला कण तेवढेच असतात. मोठा थेंब लवकर वर येतो.

फुटलेलं फेकू नका. वाडग्यात दोन चमचे कोमट पाणी आणि एक चमचा फेसलेली मोहरी घ्या, फुटलेलं मिश्रण खोलीच्या तापमानाला आणून चमचा-चमचा त्यात फेटत घाला. बहुतेक वेळा जमून येतं. गोठून फुटलेलं जमलं तरी पहिल्यासारखं गुळगुळीत होत नाही, ते कणकेत किंवा भाजीत वापरून टाका.

तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या सँडविचमधून तेल ओघळतंय. तव्यावर पाणी उडून जातं आणि पाणी गेलं की थेंबांना राहायला जागाच उरत नाही. अंड्याच्या मेयोचंही तसंच होतं. ब्रेड भाजून घ्या, मग लावा.