आडवा पाटा वजन पेलतो, ॲक्सल धरत नाही

जुन्या फोर्डचा मागचा पाटा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात) हॉट रॉडला, म्हणजे जुनी गाडी बदलून केलेल्या वेगवान गाडीला, बसवायचा विचार असेल तर चासीला वेल्डिंगची ठिणगी लावण्याआधी हे वाचा.

फोर्डच्या मोटारींना 1948 पर्यंत पुढे-मागे आडवा पाटाच होता. 1949 च्या मॉडेलपासून मागे चासीच्या लांबीला दोन पाटे आले. आपल्याकडच्या मेकॅनिकचा हात जीपवर बसलेला. जीपच्या मागच्या पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं असतं, म्हणून तो वजन पेलतो आणि ॲक्सलही जागेवर ठेवतो. आडव्या पाट्याची मात्र दोन्ही टोकं शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, लोंबतात. मॉडेल ए मध्ये (1928 ते 1931) ॲक्सल पुढे-मागे धरायचं काम टॉर्क ट्यूब (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतची, प्रॉपेलर शाफ्टभोवतीची नळी) आणि रेडियस रॉड (ॲक्सलपासून पुढे जाणारे तिरपे दांडे) यांचं. नवा गिअरबॉक्स घालताना टॉर्क ट्यूब काढून टाकतात आणि तिचं काम कोणाला द्यायचं हे विसरतात. मग क्लच सोडला की ॲक्सलचं हाउसिंग पिळतं, पिनियनचं (शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या गिअरचं) नाक वर उठतं, शाफ्टचा जॉइंट मार खातो. त्यासाठी टॉर्क आर्म, म्हणजे हाउसिंगला पिळू न देणारा दांडा, हवाच. रेडियस रॉड दोन्ही बाजूंच्या चासीला ठोकू नका. एकच चाक खड्ड्यात गेलं की हाउसिंगला पीळ बसतो आणि ब्रॅकेट तडकतात. पुढची टोकं मध्याजवळ आणा.

आता पाटा. तो दाबात असतो. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नुसता कापला तर पाटे उसळून माणूस जखमी होतो. आधी बोल्टच्या दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प, मग नट, मग क्लॅम्प आलटून पालटून थोडे थोडे सैल. प्रत्येक छोट्या पाट्याच्या टोकाने त्याला लागून असलेल्या लांब पाट्यात खाच पाडलेली दिसेल. ती लांबीच्या दिशेने घासा, आडवी कधीच नाही. आडव्या ओरखड्यातून तडा सुरू होतो. टोकं गोल करा, डाय पेनेट्रंटने (तडा रंगाने दाखवणारं द्रव) तडे तपासा, जोडताना मध्ये ग्रॅफाइट ग्रीस.

गाडी खाली बसवायची म्हणून गॅस कटरने पाटा लाल करतात, याला माझा ठाम विरोध आहे. पोलादाचं पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा, उतरतं आणि काही दिवसांत पाटा सपाट होतो. कमान बदलायची तर पाटेवाल्याकडे थंड ठोकून, नाहीतर भट्टीत पुन्हा रीतसर पाणी देऊन. मडगार्ड काढलेल्या हलक्या गाडीला पाटा कडक वाटत असेल तर पाटे कमी करा, पण मेन पाट्याला (सर्वांत लांब, शॅकलला जोडलेला, आडव्या पाट्यात सर्वांत खाली) लागून असलेला दुसरा पाटा हलवू नका. मेनचा आधार तोच. बाकीचे सगळे छोटे एकदम न काढता एक आड एक काढा, आणि कमी झालेली जाडी पट्टीने भरा, नाहीतर पाटा चासीला आवळणाऱ्या यू-बोल्टची पकड जाते. जाड पाट्याचा मोह टाळा: कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, 10 टक्के जाडीने सुमारे 33 टक्के कडकपणा.

शॅकलचा कोन गाडीच्या पूर्ण वजनावरच बघायचा, इंजिन, सीट, टाकी सगळं चढवून. 45 अंशांच्या आसपास हवा. शॅकल जवळपास उभी असेल तर पुण्याजवळच्या दिवे घाटाच्या वळणावर मागचा भाग आडवा डोलतो. जवळपास आडवी असेल तर पाट्याला पसरायला जागा उरत नाही आणि पेठेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला पाठ मोडते. माझ्या मते पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा, लावाच. शक्य तेवढा लांब, आणि वजनावर आडवा सपाट. हाउसिंग आणि क्रॉसमेंबरमध्ये (चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुळई) किमान 75 मिलिमीटर मोकळं ठेवा, वर रबर बंप.

यू-बोल्ट नवेच घ्या, पुण्यात नाना पेठेत मापाचे वाकवून मिळतात. जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, भार यू-बोल्टच्या पकडीवर. पाटा मधल्या भोकात तुटला तर आधी संशय सैल यू-बोल्टवरच घ्या.

आणि चासीबद्दल. 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणून धड, मूळ गाडीचा क्रॉसमेंबर कापून हॉट रॉड करणं मला पटत नाही. जिची बॉडी आधीच गेली आहे, तीच घ्या.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा, गाडी चाकांवर उभी असताना.