‘स्टाइल सुधारा, पॅच पाठवा’: या सल्ल्याला माझं उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नाव लागायला हवं तर चेकपॅच हा कोडची मांडणी तपासणारा प्रोग्रॅम चालवा, तो दाखवेल ते दुरुस्त करून त्याचा पॅच (सुचवलेला बदल) पाठवा. नुसते स्पेस-टॅब असतात, त्यात काही मोडत नाही, मेंटेनरचा, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याचा, वेळ वाचतो. तरीही त्याने नाकारलं तर नवखे त्याला नकोच असतात. मी इथल्याच मुलांना हे काम शिकवतो, म्हणून हे लिहितोय.

‘काही मोडत नाही’ हे सगळ्यात घातक. चेकपॅच स्पेस-टॅबवर थांबत नाही. गेल्या जुलैत चिपळूणचा एक विद्यार्थी पॅच घेऊन आला. ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) २० मायक्रोसेकंद थांबायला यूडिले होता; चेकपॅचने सुचवलं, त्याऐवजी यूस्लीप-रेंज वापरा. त्याने बदललं.

“सर, कंपाइल झालं.”

“वरच्या दहा ओळी वाच.”

वर स्पिनलॉक घेतलेला होता: एका वेळी एकानेच डेटाला हात लावावा म्हणूनचं कुलूप, ते सुटेपर्यंत बाकीचे जागेवरच फिरत थांबतात. यूडिले प्रोसेसरला जागेवरच फिरवत ठेवतो, यूस्लीप-रेंज चालू काम झोपवतो. आणि स्पिनलॉक हातात असताना झोपलं तर अख्खं मशीन अडकू शकतं. ते हार्डवेअर त्याच्याकडे नव्हतं, म्हणजे कंपाइल होणं हीच त्याची सगळी चाचणी. लॉक कोणी धरलाय हे चेकपॅचला कळत नाही, तो फक्त मजकूर बघतो. ‘हा मार्गदर्शक आहे, माणसाच्या विचाराला पर्याय नाही’ असं कर्नलचे स्वतःचे नियमच सांगतात. शिवाय त्याचे नियम बदलतात: २०२० पर्यंत ८० अक्षरांपुढे ओळ गेली की तो ओरडायचा, मग ती मर्यादा १०० झाली. त्याआधी केवळ ८० साठी तोडलेल्या ओळी आता कोणी पुन्हा जोडायच्या?

मेंटेनरचा वेळ उलट जातो. बदल कितीही किरकोळ असो, प्रत्येक ओळ त्याला वाचावीच लागते. पुढे एखादी खरी दुरुस्ती जुन्या स्टेबल आवृत्तीत न्यायची वेळ आली की आजूबाजूच्या ओळी हललेल्या असतात, ती बसत नाही, हाताने बसवावी लागते. आणि ही ओळ अशी का लिहिली हे शोधायला गिट ब्लेम करावं (गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं, ब्लेम ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवतं), तर मूळ लेखकाऐवजी स्पेस काढणाऱ्याचं नाव पुढे येतं. अशा कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) वगळायची यादी देण्याची सोय २०१९ पासून गिटमध्ये आहे, पण ती एका मोठ्या कमिटला शोभते, तीनशे फुटकळ कमिटना नाही. जँगो या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कने २०२२ मध्ये तसंच केलं: सगळा कोड एकदाच ब्लॅक या मांडणी सुधारणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला आणि ती कमिट यादीत टाकली. आपल्याकडे घर शाकारतात तसं. मे महिन्यात एकदाच, सगळं. भर आषाढात एक कौल वाकडं दिसलं म्हणून कोणी वर चढत नाही, पायाखाली शेजारची चार फुटतात.

नवखे नकोत, हे तर साफ खोटं. कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००८ मध्ये सुरू केलेला कर्नलमधला स्टेजिंग विभाग कच्च्या ड्रायव्हरांसाठीच आहे, आणि तिथे अशी साफसफाई चालते. पॅच कसा बनवायचा, कोणाला पाठवायचा, आलेल्या शेऱ्यांना उत्तर कसं द्यायचं, हे एका छोट्या पॅचमधून छान शिकता येतं. मेसेजमधलं एवढं मला मान्य आहे. तिथे एक पाठवा, दोन पाठवा.

इतर ठिकाणी मी मुलांना सांगतो: आधी एखादी खरी चूक शोधा. ती सुधारताना त्याच ओळींची मांडणी आड येत असेल, तर साफसफाईचा वेगळा पॅच आधी ठेवा, दुरुस्तीचा त्याच्यामागे, आणि दोन्ही एकाच मालिकेत पाठवा.