मोबाईल आपला, सॉफ्टवेअर बदललं तर चोरी कशी?

दारव्हा-दिग्रस भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर असा: 'मोबाईल रूट करणे, कंपनीचे सॉफ्टवेअर काढून दुसरे टाकणे ही पायरसी आहे. दोन वर्षांची कैद होते. अमेरिकेतही बंदी आहे. कुलूप उघडल्यामुळेच पिक्चर चोरीला जातात. असे करून देणाऱ्या दुकानदाराची पोलिसांत तक्रार करा.' रूट करणे म्हणजे मोबाईलच्या सॉफ्टवेअरवर मालकाने पूर्ण ताबा मिळवणे. लोक घाबरलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दोन वर्षांच्या कैदेची तरतूद कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप, म्हणजे नक्कल अडवणारी तांत्रिक सोय, तोडणाऱ्याला ते लागू होतं. मेसेज लिहिणाऱ्याने शिक्षा तेवढी उचलली, अट गाळली. कॉपीराइट कायद्यानेच ज्याला मनाई केलेली नाही, अशा कामाला हे कलम आड येत नाही, असंही त्यातच नमूद आहे.

दुसरं सॉफ्टवेअर टाकणं ही पायरसी, हा दावा तर मुळातच चुकीचा. अँड्रॉइडचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली दिलेला आहे. तो घ्या, बदला, वाटा, अशी परवानगी परवान्यातच आहे. लिनिएजओएससारख्या, मोबाईल चालवणाऱ्या प्रणाली त्याच कोडवर उभ्या आहेत. देणाऱ्याने राजीखुशीने दिलेली वस्तू घेतली, तर चोरी कोणाची झाली?

बाजार ओळीतल्या एका दुकानात हे काम मी जवळून पाहिलं आहे. बापाचा जुना मोबाईल मुलीकडे आलेला. बॅटरी, स्क्रीन ठणठणीत, पण कंपनीचे अपडेट कधीचे बंद, आणि अभ्यासाचं अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर चालेना. दुकानदाराने आधी फोटो नि नंबर लॅपटॉपवर उतरवून घेतले, कारण बूटलोडर, म्हणजे मोबाईल सुरू होताना आधी चालणारा नि कंपनीने कुलूपबंद केलेला प्रोग्राम, उघडताना मोबाईल पूर्ण कोरा होतो. मग केबल लावून नवी प्रणाली टाकली आणि बापाला स्पष्ट सांगितलं, "काकाजी, बँकेचं अ‍ॅप चालेलच, याची गॅरंटी नाही देत मी." त्यात कुणाचा पिक्चर चोरला गेला नाही, कुणाचं गाणंही नाही. कापसाचा पैसा हाती येतो तोच कृषी केंद्राच्या उधारीत जातो. अशा घराला चालता मोबाईल फेकून नवा घ्या म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वॉरंटीतल्या मोबाईलवर मात्र हे करताना अटी वाचा. वॉरंटी जाऊ शकते. तो तोटा आहे, गुन्हा नाही.

अमेरिकेबद्दलही अर्धीच माहिती दिली आहे. तिथल्या १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडायला बंदी घातली, हे बरोबर. पण दर तीन वर्षांनी त्यातून सवलती दिल्या जातात. २०१० मध्ये मोबाईलला अशी सवलत मिळाली. २०१५ मध्ये ट्रॅक्टरसह वाहनांच्या दुरुस्तीला आणि कायदेशीर बदलालाही मिळाली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाईलबरोबर शेतीची अवजारंही आहेत. समितीचा विषय दुरुस्तीचा आहे, बदलाचा नाही, हे मान्य. पण विकलेल्या वस्तूवर कंपनीचाच ताबा राहावा का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आता पिक्चरची चोरी. ती होते, आणि त्याने कलावंतांचं, तंत्रज्ञांचं पोट मारलं जातं. पण आपल्या गावांत ती कशी झाली, ते आठवा. दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि गाण्यांनी, पिक्चरांनी भरून घ्यायचं. त्यासाठी एकही मोबाईल रूट करावा लागला नाही. आज टेलिग्रामवरून पिक्चर उतरवणाऱ्यालाही कुलूप उघडावं लागत नाही. म्हणजे कुलपाने चोर अडला नाही. अडला तो दुरुस्तीवाला.

राहिली तक्रार. आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक मोबाईलचा वेगळा ओळख क्रमांक, बदलून देणाऱ्याची जरूर करा. त्याने चोरीचा मोबाईल सापडेनासा होतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड आहे. चोरलेले पिक्चर विकणाऱ्याचीही करा. पण मालकाच्या सांगण्यावरून त्याच्याच मोबाईलमध्ये मुक्त प्रणाली टाकणाऱ्या पोराला ठाण्यात ओढू नका. त्याने चालू केलेल्या मोबाईलवर कुणाची तरी पोरगी अभ्यास करते आहे.