अवतरणचिन्हातल्या डॉक्टरचं उत्तर

नमस्कार ‘एक पालक, खानापूर’,

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण आई म्हणाली, रात्रीचं लिहू नकोस, दोन दिवस जाऊ देत. गेले. राग काही गेला नाही, तेव्हा आता लिहितेच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या बेळगाव भागात एमपीटी (फिजिओथेरपीची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी) नव्याने सुरू करणाऱ्या कॉलेजात पहिल्या बॅचला प्रवेश घ्यावा का, असं एका मुलीने मला विचारलं होतं. मी लिहिलं की हॉस्पिटल आधीपासून चालू असेल तरच विचार कर, नाहीतर एक वर्ष थांब. त्यावर या गृहस्थांनी लिहिलं: “‘डॉक्टर’ मॅडम, तुम्ही स्वतः नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचला शिकलात आणि आता आमच्या मुलांना नको म्हणता. गरज सरो वैद्य मरो. जुन्या कॉलेजांची फी आम्हाला झेपत नाही, मुलीला लांब ठेवायची सोय नाही. पहिल्या बॅचला मुलं कमी, म्हणून लक्ष जास्त दिलं जातं. प्रत्येक कॉलेज कधीतरी नवंच असतं. अमेरिकेतही नवी कॉलेजं निघतात, तिथे कोणी अशी भीती घालत नाही. आणि बीपीटी चार वर्षांचं नाही, साडेचार वर्षांचं. एवढं तरी नीट लिहा.”

शेवटचं आधी घेते. बरोबर आहे तुमचं. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पहिली पदवी. आमच्या वेळी तिचा चार वर्षं अभ्यासक्रम आणि वर सहा महिने इंटर्नशिप. मी घाईत चार लिहून गेले. चूक माझी.

आता ते ‘डॉक्टर’. पूर्ण प्रतिक्रियेत तुम्ही एक स्वल्पविराम धड दिला नव्हता (वर आहेत ते मी घातलेत), पण या एका शब्दाला मात्र दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं आठवणीने दिलीत. कशासाठी, ते कळतं मला. फिजिओथेरपीवाल्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही हा वाद जुना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून आरोग्य सेवा महासंचालनालयाचं ‘लावू नये’ असं पत्र आलं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. ते पत्र व्हॉट्सॲपवर फिरलं तेव्हा मला तीन नातेवाइकांनी पाठवलं. मागे घेतल्याची बातमी एकानेही पाठवली नाही.

पण मी कुठे लावते हो? माझ्या क्लिनिकची पाटी येऊन बघा. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला द्यायचा. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी, वेळ आणि फोन नंबर. त्यात ‘डॉ.’ला जागाच उरत नाही. निपाणीकडून येणाऱ्या विडी वळणाऱ्या बायका मला ‘बाई’ म्हणतात, गोकाकच्या आज्जी ‘अक्का’ म्हणतात, आणि वडगावचे एक विणकर काका सरळ ‘मालिशवाली’ म्हणतात. त्यांना मी कधी दुरुस्त केलं नाही. लेखातही मी स्वतःला कुठे डॉक्टर म्हटलेलं नाही. शोधून दाखवा.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘तुम्ही स्वतः पहिल्या बॅचला शिकलात.’

शिकले ना. मीच ते पूर्वी एकदा लिहिलं होतं, तिथूनच तुम्हाला कळलं, आणि आता तेच माझ्यावर फेकताय. पण पहिली बॅच म्हणजे काय हे मी ऐकून सांगत नाही, एवढं तरी त्यावरून लक्षात यायला हवं होतं. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. बेळगाव जिल्ह्यातलं नव्हतं, एवढं पुरे. आम्ही सहा जण होतो. इमारतीला अजून रंगाचा वास येत होता. ट्रेडमिलवरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नाही, कारण इन्स्पेक्शनला ती नवीन दिसायला हवी होती. हॉस्पिटलच्या दारावर शंभर खाटांची पाटी होती. आत मी मोजलेले जास्तीत जास्त पेशंट सात, त्यातही दोन आमच्या प्रशासकांचे नातेवाईक.

इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र वॉर्ड भरला. सकाळी सहाला आजूबाजूच्या गावांतून टेम्पो आले. माझ्या वाट्याला एक आजोबा आले, केसपेपरवर ‘गुडघेदुखी’ लिहिलेलं. मी बिचारी पुस्तकात होतं तसं सगळं केलं. चालणं बघितलं, सांधा किती अंशात वाकतो ते गोनिओमीटरने मोजलं, मांडीच्या स्नायूंची ताकद तपासली. दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा चांगले. अर्ध्या तासाने आजोबा हळूच म्हणाले, “पोरी, दुखत नाही म्हटलं तर जेवण देणार नाहीत काय?”

हे मी चारचौघांत हसत सांगते. पण त्या दोन वर्षांत मी असेसमेंट, म्हणजे पेशंट तपासणं, शिकले ती अशा माणसांवर, ज्यांना काही झालेलं नव्हतं. एमपीटीला प्रबंध लिहावा लागतो, त्याचे माझे गाइड दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दुसरीकडे गेले. नवे गाइड आले त्यांना माझा विषय पसंत नव्हता, त्यामुळे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पुन्हा, एथिक्स कमिटीची परवानगी पुन्हा. कमिटीच धड स्थापन झालेली नव्हती, ती आमच्यासाठी घाईघाईने झाली. फ्रोझन शोल्डरचे (खांदा आखडलेले) तीस पेशंट हवे होते, ते मी एसटीने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जाऊन, तिथल्या लोकांच्या हातापाया पडून गोळा केले.

आणि लकवा. त्या दोन वर्षांत मी लकव्याचा पेशंट पाहिला एक. एकच. पास झाल्यावर पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात हुक्केरीकडचे एक मामा आले, उजवी बाजू गेलेली. त्यांना खाटेवरून उठवताना मी लुळ्या हाताला धरून ओढलं. डिग्री घेतलेल्या माणसाने! खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असताना हात ओढला की हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो, खांदा दुखायला लागतो, आणि मग पेशंट त्या हाताला कोणाला हात लावू देत नाही. सुधारणा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि त्यातले आठवडे असे फुकट जातात. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. माझा हात बाजूला केला तो तिथल्या आयाबाईंनी. त्या सातवी पास होत्या आणि त्यांनी शेकड्याने असे पेशंट उठवलेले होते. “खांद्याच्या पाठीमागनं धरा ओ बाई,” एवढंच म्हणाल्या, तेही मामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. ते वाक्य ऐकायला मला वयाची पंचविशी उलटावी लागली, आणि ते सांगणारं माणूस माझ्या कॉलेजच्या पगारावर नव्हतं.

तेव्हा ‘गरज सरो वैद्य मरो’ ही म्हणच इथे चुकली तुमची. यात गरज कोणाची सरली आणि मेलं कोण? माझी गरज सरली म्हणता, तर मी त्या मुलीला दोन पानांचं उत्तर कशाला लिहिलं असतं? पोटावर पाय येईल अशी भीती मला असती, तर नव्या कॉलेजातून कच्ची पोरं बाहेर पडलेली उलट माझ्या फायद्याचीच की.

बरं, लक्ष जास्त मिळतं म्हणता. आमचे एक सर होते, त्यांनी आम्हा सहा जणांचे हात धरून एकेक सांधा शिकवला. मणक्याच्या मोबिलायझेशनमध्ये, म्हणजे हाताने दाबून सांधे मोकळे करताना, दाब किती द्यायचा हे साठ मुलांच्या वर्गात कोणी असं शिकवलं नसतं. हे खरं. पण ते सर मुळातच तसे होते. पुढे दुसऱ्या कॉलेजात गेले, तिथेही तसेच शिकवतात म्हणे. ते काही माझ्या कॉलेजाचं कर्तृत्व नव्हे.

अमेरिकेचा मुद्दा मात्र तुम्ही काढायला नको होता. माझी बीपीटीची वर्गमैत्रीण तिथे आहे, त्यामुळे ही भानगड मला थोडी माहीत आहे. तिथे फिजिओथेरपीची डीपीटी ही पदवी असते, साधारण तीन वर्षांची. कॅप्टी नावाची संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते. नव्या कॉलेजला आधी नुसती ‘उमेदवारी’ मिळते. ती मिळाल्याशिवाय मुलांना मुख्य अभ्यासक्रमाला घेता येत नाही, आणि खरी मान्यता मिळते की नाही ते ठरतं पहिली बॅच बाहेर पडायच्या सुमारास. मिळाली नाही, तर त्या मुलांना परवान्याच्या परीक्षेला बसणंच अवघड होतं. आणि गंमत बघा: उमेदवारी म्हणजे मान्यतेची हमी नव्हे, हे कॉलेजला स्वतःच जाहीर छापावं लागतं. प्रवेशाची माहिती वाचायला आलेल्या मुलासमोर ते आधी येतं. तुम्ही ज्याला ‘भीती घालणं’ म्हणता, ते तिथे नियमानेच घालतात.

आपल्याकडे काय होतं? अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांसाठीच्या १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यात फिजिओथेरपी धरलीच नव्हती. देशपातळीवरचा आयोग नेमायचा कायदा झाला तो २०२१ साली. तोवर जे काय होतं ते विद्यापीठाची संलग्नता आणि राज्याराज्यांचं आपापलं. फिजिओथेरपीवाल्यांची नोंदणी करणारी महाराष्ट्राची परिषद आधीपासून आहे. आणि आपण सीमेवरची माणसं, पदवी इकडची आणि नोकरी कोल्हापूर-मिरजेला, हे आपल्यात काही नवीन नाही. तिकडे काम करायचं तर तिकडे नोंदणी लागते. म्हणून संलग्नतेचं पत्र मागून बघा म्हटलं होतं मी. ‘अर्ज केलाय’चं नव्हे, ‘मिळाली’चं. आणि ते पत्र एमपीटीचं आहे का बघा, बीपीटीचं दाखवतील. एमपीटीत कुठल्या शाखेला किती जागा, गाइड कोण आणि ते खरंच तिथे येतात का, हेही विचारा. नाव भिंतीवर आणि माणूस हुबळीत, असं असतं कधीकधी.

पेशंटांचं तर आपल्याकडे सांगायलाच नको. वडगाव-शहापूरच्या मागावर आयुष्य काढलेल्यांच्या कंबरा, निपाणीतल्या विडीवाल्या बायकांच्या मानांना आणि बोटांना आलेली कळ, चिकोडीकडच्या ऊसतोडवाल्यांचे मणके, खानापुरात झाडावरून पडलेले, हायवेवरचे ॲक्सिडेंट. एमपीटी शिकायला याहून चांगला मुलूख शोधून सापडणार नाही. प्रश्न एवढाच, की हे पेशंट त्या नव्या हॉस्पिटलच्या दारात येतात का. उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, इन्स्पेक्शनच्या दिवशी तर मुळीच नको. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकराला ओपीडीच्या बाकावर जाऊन बसा आणि मोजा. लकव्याचे किती, ऑपरेशननंतरचे किती, आयसीयूत छातीची फिजिओथेरपी कोण देतं. मुलीला कन्नड किती येतं तेही बघा. ‘मोणकाल नोवू’ (गुडघेदुखी) कळलं म्हणजे झालं असं नाही, कधीपासून, जिना चढताना की उतरताना, हे त्यांच्या भाषेत विचारावं लागतं. मी मराठी शाळेतली, पहिले सहा महिने हातवाऱ्यांवर काढले.

राहिलं फी आणि लांब ठेवायचं. त्यावर मी आधी लिहिलंय, शोधा, सापडेल. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते आणि ती मला माहीत असायचं कारण नाही. ‘प्रत्येक कॉलेज कधीतरी नवंच असतं’ हे तर असं वाक्य आहे की त्यावर काय बोलायचं. प्रत्येक पूलही कधीतरी नवा असतो, पहिली बस आपली नसावी एवढंच वाटतं.

आणि तुमच्या मुलीचं काय करायचं ते तुम्ही ठरवणार, मी कोण? पण मग सल्ल्याचा लेख वाचायला आलात कशाला, हे काही कळलं नाही. हे जरा जास्त झालं असेल. राहू दे, मागे घेत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मूळ लेखात ‘चार’चं ‘साडेचार’ केलं आहे. अवतरणचिन्हांचं तुम्ही बघा.