विहिरीआधी समुद्र खणा

जिल्हा मागास राहिला, ही तुमची कुरकुर आता पुरे झाली. देशातला प्रत्येक जिल्हा निर्यातीचे केंद्र होऊ शकतो, हे पंतप्रधानांनी २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून सांगितले आहे. एवढ्या उंचावरून सांगितले म्हणजे निम्मे काम झालेच. उरलेले निम्मे तुमचे. ते कसे उरकावे, यासाठी हे चार शब्द.

सगळ्यात आधी, समुद्राकाठी जन्म घ्या. ते राहून गेले असेल तर विहीर राहू द्या, समुद्र खणायला घ्या. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटले आहे की महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू आणि तेलंगणा या पाच राज्यांतूनच देशाची सुमारे ७० टक्के निर्यात होते. बाकीच्यांनी उरलेल्या ३० टक्क्यांत आपापसात समजुतीने घ्यावे. यादीत तेलंगणा आहे म्हणून हुरळू नका. त्यांना समुद्र नसला तरी हैदराबाद आहे, आणि सॉफ्टवेअरला जहाज लागत नाही. तुमच्याकडे तूर आहे.

यादीत महाराष्ट्राचे नाव पहिले आहे, तेव्हा परभणी-हिंगोलीत पेढे वाटायला काहीच हरकत नाही. आकडा मुंबई, ठाणे, पुणे, रायगडने करायचा आणि अभिमान सगळ्यांनी बाळगायचा, अशी आपल्याकडे वाटणी आहे. प्रादेशिक असमतोल मोजायला आपण १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली, २०११ मध्ये केळकर समिती नेमली. मोजणीत आपल्याला कोणी मागास म्हणणार नाही.

पण नुसता समुद्र असूनही भागत नाही, शेजारी जमीन लागते आणि ती सोडायची तयारी लागते. दांडेकर समितीने अनुशेषाचा, म्हणजे मागास भागांच्या राहून गेलेल्या विकासाचा, हिशेब दिला त्याच वर्षी, १९८४ च्या जानेवारीत, उरण तालुक्यात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण गेले. पाच वर्षांनी न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. आता पालघर जिल्ह्यात वाढवणला ७६,२०० कोटींचे बंदर येते आहे. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्यांना निर्यातीचे महत्त्व कुठून कळणार? पिढ्यान्‌पिढ्या ते समुद्रातून नुसते पापलेट काढत आले.

समजा बंदर झाले. आता माल कोणता न्यावा? आमचा सल्ला: काहीही न्या, पण कांदा नको. नाशिक जिल्ह्याने ही चूक केली. तिथल्या माणसाला वाटले, आपण पिकवतो, परदेशात मागणी आहे, विकून टाकू. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले. शुल्क भरूनही लोक निर्यात करायला लागले, म्हणून किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर विकायचे नाही. तरीही ऐकेनात, म्हणून ८ डिसेंबरला सरळ बंदी. ती ३१ मार्चला संपणार होती. ३१ मार्च उजाडायच्या आत ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. लासलगावात ट्रॅक्टर उभे, चाळीत कांदा, आणि जिल्हा मात्र निर्यातकेंद्र! दुबई-कोलंबोचा व्यापारी चार दिवस वाट बघतो आणि पाकिस्तानला फोन लावतो. त्याचा दोष नाही, त्याला रोज भाजी करायची असते.

एप्रिल २०२४ मध्ये मात्र सरकारला दया आली आणि २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. हा पांढरा कांदा प्रामुख्याने गुजरातचा. तेव्हा कांदा लावायचाच हट्ट असेल तर रंग आणि राज्य नीट निवडा. पुढे ४ मे रोजी बंदी उठली, ५५० डॉलर टनाची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान २० मेला होते. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध लावणे हे कुत्सित माणसाचे लक्षण आहे. दिंडोरीच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री होत्या. त्या पडल्या, हाही योगायोगच.

कांदा नको तर द्राक्ष लावा. यात दिल्ली सहसा लुडबुड करत नाही, ते काम युरोप करतो. २०१० मध्ये द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ आवरायला फवारतात ते आपले लिहोसिन, सापडले आणि कंटेनर तिकडे अडकले. नफा निर्यातदाराचा, धोका बागायतदाराचा, ही व्यवस्था त्या साली अगदी चोख पार पडली. आंब्याचा विचार करत असाल तर नकाशा जवळ ठेवा. २००७ मध्ये हापूस अमेरिकेला निघाला तेव्हा कोकणच्या आंब्याला आधी लासलगाव गाठावे लागले होते, कारण अमेरिकेच्या अटीप्रमाणे फळावर किरण सोडून कीड निकामी करणारे विकिरण केंद्र तिथे होते. ते उभारले होते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. (बंदीच्या दिवसांत चाळीतल्या कांद्याला ते बरेच उपयोगी पडले असते.)

आणि कापूसवाल्यांनो, तुम्हाला सल्ला देणारे आम्ही कोण? निर्यातीत तुम्ही सगळ्यांचे आजोबा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खामगाव-अमरावतीच्या बाजारांना सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईत पैसा इतका झाला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर उडाले आणि १८६५ मध्ये धाडकन आपटले. त्याच तेजीतले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला. पुढे इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस ओढायला यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेजची शकुंतला रेल्वेही घातली. ती मालाला न्यायला होती, पैसा परत आणायला नव्हे.

मुंबईला गेलात तर टॉवर जरूर बघा. तुमच्या पणजोबांच्या कापसाचा थोडा वाटा त्यात असेल. घड्याळ बघून हावड्याची गाडी पकडा आणि मूर्तिजापूरला उतरा. शकुंतला बंद आहे, यवतमाळसाठी पुढे एसटी बघावी लागेल.